अँटीव्हायरस काम नीट करतो, पण त्याचे अपग्रेडचे पॉपअप लोकांना घाबरवून पैसे काढतात

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू अँटीव्हायरस व्हायरस पकडतो की नाही याचा नाहीये. तो पकडतो, व्यवस्थित पकडतो. हा रिव्ह्यू त्याच्या भाषेचा आहे, म्हणजे काम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात नाहीतर थेट मधोमध जे लाल-नारिंगी डबे उगवतात आणि "आत्ताच अपग्रेड करा" म्हणून मागे लागतात त्यांचा. आधी फुकटचं व्हर्जन वापरलं, मग पैसे भरून घेतलं, मग रिन्यूअलची वेळ आली, त्यामुळे तिन्ही अवस्थांमधले पॉपअप बघून झालेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एकीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात, आणि नातेवाइकांच्या लॅपटॉपवर दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर पाहिली तर तिथेही थोड्याफार फरकाने हीच बोली आहे.

माझी तक्रार अशी की यातली बरीच वाक्यं शब्दशः खोटी नसतात, पण ती वाचून माणसाचा जो समज होतो तो खोटा असतो, आणि तो तसा व्हावा म्हणूनच वाक्य तसं रचलेलं असतं.

फुकटच्या व्हर्जनमधला तो "स्मार्ट" स्कॅन घ्या. लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकलेलं, त्यावर एक ब्राउझर आणि हा अँटीव्हायरस, बाकी काही नाही, एक फाइलसुद्धा माझी नाही. स्कॅन लावला. पहिला टप्पा व्हायरसचा, काही सापडलं नाही, हिरवी टिक आली आणि वाचून होईपर्यंत स्क्रीन पुढे सरकली. मग ब्राउझरची ॲडऑन्स, मग आणखी काहीतरी, सगळीकडे टिक. आणि शेवटच्या टप्प्यावर येऊन पट्टी एकदम लाल, मोठ्या अक्षरात "गंभीर समस्या सापडल्या", आणि खाली ओळी, "तुमच्या फायली रॅन्समवेअरसमोर असुरक्षित आहेत" (रॅन्समवेअर म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर), "खोट्या वेबसाइट तुमचे पासवर्ड चोरू शकतात", "फायरवॉल कमकुवत आहे", प्रत्येक ओळीपुढे लाल फुली, आणि सगळ्यांच्या खाली एकच मोठं बटण, "सगळं दुरुस्त करा". दाबलं की पैसे भरायचं पान.

आता यात "सापडल्या" म्हणजे नक्की काय सापडलं? काहीच नाही. त्या तिन्ही ओळी म्हणजे पेड व्हर्जनमधली तीन फीचर्स, जी माझ्याकडे नाहीत कारण मी पैसे भरलेले नाहीत. हे सांगायला स्कॅन करायची गरजच नव्हती, इन्स्टॉल केल्या क्षणी त्यांना ते माहीत होतं. मी नेट काढून परत स्कॅन लावला, त्याच ओळी त्याच क्रमाने. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावला, जो वर्षानुवर्षं वापरात आहे आणि ज्यावर काय काय साठलंय देव जाणे, तिथेही त्याच ओळी. फायरवॉल, म्हणजे नेटवरून होणारी नको ती ये-जा अडवणारी भिंत, कमकुवत म्हणे, आणि विंडोजचा स्वतःचा फायरवॉल तर दोन्हीकडे चालू होता, बाहेरून आत यायचा कुठलाही रस्ता (पोर्ट) मी उघडलेला नव्हता. म्हणजे जाहिरातीला स्कॅनच्या निकालाचे कपडे घातलेत. ती हळूहळू सरकणारी पट्टी, ती टक्केवारी, त्या भराभर पळणाऱ्या फायलींच्या नावांमुळे माणसाला वाटतं की मशीनने आत डोकावून पाहिलं आणि मगच हे सांगितलं. माझ्या मते सगळ्यात मोठी फसवणूक इथे आहे, शब्दांपेक्षाही त्या पट्टीत.

दुसऱ्या एका क्लीनर टाइप सॉफ्टवेअरमध्ये तर कुकीज आणि टेम्पररी फायलीसुद्धा "समस्या" म्हणून मोजल्या जातात, मग आकडा शेकड्यांत जातो आणि तो आकडा लाल गोलात ठळक दाखवतात. कुकी म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी टेक्स्ट नोंद, काही कुकीज तुमच्यावर जाहिरातीसाठी नजर ठेवतात हे खरंय, पण त्या व्हायरस नाहीत, आणि ब्राउझरच्या सेटिंगमधून फुकटात साफ होतात. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथल्या, जुन्या नोंदींचंही तेच. निव्वळ साप साप म्हणून भुई धोपटणं आहे हे.

आता खरा धोका आला की हेच सॉफ्टवेअर कसं बोलतं ते बघायचं होतं. त्यासाठी एक निरुपद्रवी टेस्ट फाइल असते, आयकार नावाची, ६८ अक्षरांची एक ओळ, व्हायरस नसते पण सगळे अँटीव्हायरस ठरवून तिला व्हायरस समजतात, म्हणजे आपला अँटीव्हायरस जागा आहे का हे तपासता येतं. ती डाउनलोड केली. अँटीव्हायरसने लगेच पकडली, शाबास, पण मेसेज कसा आला? उजव्या कोपऱ्यात खाली एक छोटी राखाडी चौकट, "एक धोका हाताळला", आणि काही सेकंदांत गायब, पुन्हा बघायचं तर हिस्टरीत जाऊन शोधा. आणि अपग्रेडचा पॉपअप? स्क्रीनच्या मधोमध, लाल, उद्गारचिन्हासकट, बंद करायची फुली इतकी बारीक आणि पार्श्वभूमीच्याच रंगाची की माऊस नेल्याशिवाय दिसत नाही, आणि आपण काही केल्याशिवाय तो जात नाही. म्हणजे व्हायरस आला तर कुजबुज आणि विक्री करायची असेल तर बोंबाबोंब. हे बघितल्यावर मला खरंच राग आला, कारण जी गोष्ट मोठ्याने सांगायला हवी ती हळू आणि जी सांगायची गरज नाही ती कानाशी येऊन, असं उलटं करून ठेवलंय सगळं.

मग तो "तुमचा आयपी ॲड्रेस उघडा पडलाय" वाला पॉपअप. सोबत नकाशा, त्यावर तुमच्या भागावर एक लाल टिंब, खाली "कोणीही तुमचं लोकेशन पाहू शकतं". अहो, आयपी ॲड्रेस म्हणजे तुमच्या कनेक्शनचा नेटवरचा पत्ता, तो प्रत्येक वेबसाइटला दिसतोच, तो दिसला नाही तर वेबसाइट पान पाठवणार कुठे? इंटरनेट चालतंच तसं. त्यावरून साधारण शहर किंवा परिसर कळतो, तोही बऱ्याचदा चुकीचा, घराचा पत्ता कळत नाही. आणि बँक, ईमेल वगैरे साइट एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे तुम्ही काय टाइप करताय ते आधीच एन्क्रिप्टेड, वाटेत कोणाला वाचता येणार नाही असं, असतं. हा पॉपअप विकतो ते व्हीपीएन, म्हणजे तुमची नेटवरची ये-जा आपल्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा. तिचे उपयोग आहेत, मी नाही म्हणत नाही, पण व्हीपीएन घेतलं म्हणजे तुमचा ट्रॅफिक दिसणारा माणूस बदलतो, आधी इंटरनेट कंपनीला दिसायचा तो आता व्हीपीएन कंपनीच्या हातून जातो. हे वाक्य त्या पॉपअपमध्ये कुठेच नसतं. "उघडा पडलाय" हे शब्द मात्र असतात, जणू आज सकाळी काहीतरी घडलं.

आणि डार्क वेबवाला, म्हणजे नेहमीच्या ब्राउझरने न उघडणारा, चोरीचा डेटा विकला जातो तो इंटरनेटचा कोपरा. "तुमचा ईमेल डार्क वेबवर सापडला!" खाली धूसर केलेली यादी, ओळी दिसतात पण अक्षरं वाचता येत नाहीत, "तपशील पाहण्यासाठी अपग्रेड करा". हा जास्त वाईट आहे कारण यात थोडं सत्य असतं. लाखो-कोटी लोकांचे ईमेल वेगवेगळ्या कंपन्यांच्या डेटाचोरीत बाहेर गेलेत, लिंक्डइनची चोरी २०१२ ची, ॲडोबीची २०१३ ची, तुम्ही तेव्हा अकाउंट काढलं असेल तर तुमचाही ईमेल त्यात असण्याची शक्यता बरीच आहे. पण पॉपअपमध्ये वर्ष लिहीत नाहीत, आजच सापडल्यासारखं लिहितात. आणि ही माहिती फुकट मिळते, हॅव आय बीन पोन्ड नावाची साइट २०१३ पासून आहे, ईमेल टाकला की कुठल्या चोरीत, कुठल्या वर्षी, काय काय गेलं ते सगळं दाखवते. ते बघायचं, त्या साइटचा पासवर्ड बदलायचा, तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही बदलायचा, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत आणखी एक कोड मागणारं कुलूप, लावायचं. धोक्याची माहिती हातात असताना ती धूसर करून दाखवणं हे मला अजिबात पटत नाही. तुम्ही सुरक्षा विकता ना, मग निदान कुठला पासवर्ड बदलायचा एवढं तरी फुकट सांगा की.

रिन्यूअलचं तर विचारूच नका. मुदत संपायला महिनाभर असतानाच सुरू होतं, आधी "लवकरच संपतंय", मग "तुमचं संरक्षण धोक्यात", मग घड्याळ उलटं धावायला लागतं, "खास सवलत संपायला इतके तास इतकी मिनिटं". ते घड्याळ संपू दिलं तर काय होतं? काही नाही, लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर परत पहिल्यापासून सुरू, सवलत तीच. आणि मुदत संपल्याच्या दिवशी पूर्ण स्क्रीनभर, "तुमच्या कॉम्प्युटरला आता कोणतंही संरक्षण नाही".

हे शेवटचं वाक्य वाचून माझ्या आत्याचा फोन आला होता. तिने लॅपटॉप विकत घेतला तेव्हाच त्यावर अँटीव्हायरस ट्रायल म्हणून आलेला, तिने कधी तो मागितलाही नव्हता. आवाज पार उतरलेला. "अरे, हे लाल काहीतरी आलंय, संरक्षण नाही म्हणतंय, माझ्या खात्यातले पैसे गेले का रे?" मी म्हटलं, "आत्या, काही गेलेलं नाही, ती त्यांची वर्गणी संपलीय फक्त, तू कार्ड नंबर टाकू नकोस आधी." तर ती म्हणते, "टाकतच होते, म्हटलं आधी तुला विचारावं." तिने घाबरून त्या दिवशी लॅपटॉप बंद करून ठेवला होता, आणि पेन्शनचं काही काम होतं ते तसंच राहिलं. हा परिणाम आहे त्या एका वाक्याचा. ज्याला कॉम्प्युटरमधलं कळतं तो फुली शोधतो आणि पुढे जातो, ज्याला कळत नाही त्याचा जीव टांगणीला लागतो, आणि विक्री नेमकी त्या दुसऱ्या माणसाला होते.

आणि ते वाक्य खरं होतं का? विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आतच असतो. बाहेरचा अँटीव्हायरस चालू असेपर्यंत डिफेंडर बाजूला राहतो आणि बाहेरचा काढून टाकला की आपोआप कामाला लागतो. आणि हा काही नावापुरता अँटीव्हायरस नाही, एव्ही-टेस्ट ही स्वतंत्र प्रयोगशाळा संरक्षण, वेग आणि वापर या तिन्हीला सहापैकी गुण देते, त्यात गेल्या काही वर्षांत डिफेंडर वरच्या रांगेत, पैसे घेणाऱ्यांच्या बरोबरीने बसतोय. मग "आमचं संरक्षण संपलं" आणि "तुम्हाला कोणतंही संरक्षण नाही" यात किती फरक पडला बघा. पहिलं खरं आहे. दुसरं म्हणजे भीती.

बटणांबद्दल पण लिहायला हवं, कारण शब्दांइतकंच तिथेही काम केलेलं असतं. "संरक्षण चालू ठेवा" हे मोठं, हिरवं, भरलेलं. नको असेल तर खाली बारीक राखाडी अक्षरात, बटणसुद्धा नाही नुसती लिंक, "मी धोका पत्करायला तयार आहे". नको म्हणायचं तर आधी स्वतःला बेफिकीर ठरवून घ्यायचं, असा तो हिशोब. याला कन्फर्मशेमिंग म्हणतात, आणि या सगळ्या प्रकारांना मिळून डार्क पॅटर्न, हा शब्द हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० मध्ये काढला. "पुन्हा दाखवू नका" हा पर्याय तर मला कुठेच दिसला नाही, "नंतर आठवण करा" एवढंच. एका पॉपअपमध्ये बटणावर "अपडेट करा" लिहिलेलं होतं आणि दाबल्यावर पेमेंटचं पान उघडलं, हे मात्र अतिच झालं. व्हायरसच्या याद्यांचं अपडेट फुकट असतं आणि ते करायलाच हवं, म्हणून तर लोक ते बटण विचार न करता दाबतात, आणि त्याच सवयीवर पैसे मागायचे? यातून होतं काय, की लोक अपडेट या गोष्टीलाच वैतागतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर हॉस्पिटलं, कारखाने, ऑफिसं बंद पाडली, तेव्हा ज्या खिडकीतून ते शिरलं ती बुजवणारं मायक्रोसॉफ्टचं अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच आलेलं होतं, फुकट. ज्यांनी टाकलं नव्हतं ते अडकले. ऑफिसांमध्ये अपडेट राहून जायला शंभर कारणं असतात, सगळं पॉपअपवर ढकलत नाही, पण घरच्या कॉम्प्युटरवर माणसाला रोज खोटी घाई दाखवून दाखवून खऱ्या घाईची किंमत कमी होते हे मी माझ्या आजूबाजूला रोज बघतो. लोक आलेला डबा न वाचता बंद करतात. कुठलाही डबा.

आणि नेमका याचाच फायदा भामटे घेतात. हल्ली बऱ्याच तक्रारी असतात त्या ब्राउझरच्या नोटिफिकेशनमधून येणाऱ्या नकली पॉपअपच्या, प्रसिद्ध अँटीव्हायरसचा लोगो, "तुमच्या पीसीत व्हायरस सापडलेत, लायसन्स संपलंय, आजच रिन्यू करा". त्याचा अँटीव्हायरसशी संबंधच नसतो, कुठल्यातरी साइटवर "मी रोबोट नाही, अलाऊ दाबा" असं सांगून परवानगी काढून घेतलेली असते. ओळखायचं सोपं आहे, त्या डब्यात बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता असतो. क्रोम असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे अनोळखी साइट दिसेल ती काढून टाका, पॉपअप बंद. पण मला सांगा, खऱ्या कंपनीचा पॉपअप आणि नकली पॉपअप शेजारी शेजारी ठेवले तर साध्या माणसाने फरक कशावरून करायचा? रंग तोच, घाई तीच, घड्याळ तेच, बटण तेच. नकली पॉपअपमध्ये जे जे असतं ते ते खऱ्या कंपनीने टाळायला हवं होतं, म्हणजे ग्राहकाला सांगता आलं असतं की आम्ही कधीच असं बोलत नाही, असं काही दिसलं तर ते आमचं नाही. हे सांगायची सोयच त्यांनी ठेवलेली नाही.

कोणाला वाटेल की मी उगाच ताणतोय, तर घाबरवून विकण्याच्या या प्रकारांवर सरकारी कारवाया झालेल्या आहेत, त्याही मोठ्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ च्या डिसेंबरमध्ये विनफिक्सर, विनअँटीव्हायरस, एक्सपी अँटीव्हायरस असली नकली सॉफ्टवेअर विकणाऱ्या टोळीवर कोर्टातून बंदी आणली, स्कॅन न करताच "व्हायरस सापडले" दाखवायचे, दहा लाखांच्या वर लोक फसले होते, २०१२ मध्ये १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल लागला. ती झाली उघड भामटेगिरी. पण २०१९ मध्ये ऑफिस डेपो या नावाजलेल्या दुकान साखळीला आणि सपोर्ट डॉट कॉमला मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. त्यांचं "पीसी हेल्थ चेक" होतं, सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न, कॉम्प्युटर स्लो झालाय का, पॉपअप येतात का वगैरे, आणि यातल्या एकावर जरी टिक केली तरी मालवेअरची, म्हणजे व्हायरससारख्या घातक सॉफ्टवेअरची, लक्षणं सापडली असा निकाल, स्कॅन काहीही म्हणो. म्हणजे निकाल टिकेवरून, आणि पट्टी नुसती दाखवायला. वर मी ज्या सरकणाऱ्या पट्टीबद्दल लिहिलं ती बघताना मला हीच केस आठवत होती. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या दोन कंपन्यांना २ कोटी ६० लाख डॉलर, त्यांचे पॉपअप तर विंडोजचेच वाटावेत असे बनवलेले होते आणि आधी "व्हायरस" दाखवायचे आणि मग "दुरुस्ती" विकायचे.

रिन्यूअलवरही झालंय. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने सिमँटेक (नॉर्टनवाले) आणि मॅकॅफी या अँटीव्हायरस कंपन्यांकडून प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर घेतले, ग्राहकाला नीट न सांगता दरवर्षी कार्डातून पैसे कापले जात होते म्हणून. ब्रिटनच्या सीएमए या नियामकाने २०२१ मध्ये मॅकॅफी आणि नॉर्टन दोघांकडून लेखी हमी घेतली की आपोआप रिन्यू होणार हे स्पष्ट सांगू आणि नको असताना रिन्यू झालं तर पैसे परत मिळतील अशी सोय करू. भारतातही नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरोधात मार्गदर्शक तत्त्वं काढली, १३ प्रकार दिलेत, त्यात खोटी घाई, कन्फर्मशेमिंग, सारखं सारखं टोचत राहणं, वर्गणीचा सापळा हे तर आहेतच, पण व्हायरस आहे असा समज करून देऊन नकली उपाय विकणं हासुद्धा वेगळा प्रकार म्हणून नोंदवलेला आहे. आणि ॲव्हास्ट या अँटीव्हायरस कंपनीचं प्रकरण भाषेचं नाही पण विश्वासाचं आहे म्हणून लिहितो, ट्रॅकिंगपासून वाचवतो म्हणून सांगायचे आणि ग्राहकांच्या ब्राउझिंगचा डेटा जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकायचे, २०२४ मध्ये अमेरिकेच्या त्याच फेडरल ट्रेड कमिशनकडून १ कोटी ६५ लाख डॉलर दंड आणि जाहिरातीसाठी असा डेटा विकायला बंदी. कुंपणच शेत खात होतं.

सगळ्यात नेमकं काम मात्र मायक्रोसॉफ्टने केलं असं माझं मत आहे, आणि हे फारसं कोणाला माहीत नसतं. त्यांनी २०१८ च्या सुरुवातीला जाहीर केलं की १ मार्चपासून जी सॉफ्टवेअर घाबरवणारे किंवा दबाव आणणारे मेसेज दाखवून पैसे भरायला लावतील त्यांना डिफेंडर नको असलेलं सॉफ्टवेअर समजून काढून टाकेल. खुणा पण दिल्या, चुका वाढवून-चढवून सांगणं आणि दुरुस्तीसाठी पैसे मागणं, दुसरा काही उपायच नाही असं भासवणं, ठरावीक वेळातच करा म्हणून घाई लावणं. आता या तीन खुणा हातात घ्या आणि मी वर वर्णन केलेल्या पॉपअपवर लावून बघा. स्कॅनची लाल पट्टी पहिलीत बसते, "कोणतंही संरक्षण नाही" दुसरीत, उलटं धावणारं घड्याळ तिसरीत. तो नियम मुख्यतः त्या क्लीनर आणि ऑप्टिमायझर टाइप सॉफ्टवेअरसाठी आणलेला होता, पण फूटपट्टी चांगली आहे, आणि नावाजलेल्या अँटीव्हायरसनी तिच्यावर उतरू नये याला काही कारण मला दिसत नाही.

कंपनीची बाजू पण मी समजून घेतो. फुकटचं व्हर्जन चालवायला पैसे लागतात, सर्व्हर लागतात, रोज नवे व्हायरस तपासणारी माणसं लागतात, तेव्हा पेड घ्या म्हणून विचारलं तर त्यात काही गैर नाही. मुदत संपत आली हे सांगणं तर त्यांचं कर्तव्य आहे, न सांगता गप्प बंद पडले तर आपणच ओरडू. आणि माझा अँटीव्हायरस मशीन फार जड करत नाही, फिशिंगच्या, म्हणजे पासवर्ड चोरणाऱ्या नकली साइट अडवतो, अपडेट वेळच्या वेळी घेतो, त्या बाजूने पूर्ण गुण. मला फक्त एवढं हवंय की पॉपअपमध्ये असं लिहा: "तुमची वर्गणी अमुक तारखेला संपते. त्यानंतर आमचा अँटीव्हायरस व्हायरसच्या नव्या याद्या घेणार नाही. पुढे चालू ठेवायचं तर इतके पैसे, पुढच्या वर्षी इतके. नको असेल तर आमचं सॉफ्टवेअर काढून टाका, विंडोजचा डिफेंडर आपोआप चालू होईल." बटणं दोन, दोन्ही सारख्या आकाराची. लाल रंग फक्त खऱ्या व्हायरससाठी राखून ठेवा. आणि जाहिरात असेल तर वर "जाहिरात" असा शब्द लिहा, स्कॅनच्या निकालात मिसळू नका. असं लिहून ज्यांची विक्री पडेल त्यांनी मग प्रॉडक्टमध्ये काय कमी आहे ते बघावं.

ज्यांच्याकडे सध्या आहे त्यांच्यासाठी, सेटिंग्जमध्ये खोल कुठेतरी "स्पेशल ऑफर्स", "प्रॉडक्ट न्यूज" किंवा "पर्सनल प्रायव्हसी" अशा नावाखाली काही टॉगल असतात, ते बंद केले की पॉपअप बरेच कमी होतात. पेड व्हर्जनमध्येसुद्धा ते डीफॉल्ट चालू असतात, पैसे भरूनही वरच्या प्लॅनच्या जाहिराती, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. फुकटच्या व्हर्जनमध्ये काही टॉगल पेडशिवाय बंद होत नाहीत, तिथे निदान गेम मोड किंवा सायलेंट मोड वापरा. ऑटो-रिन्यूअल मात्र सॉफ्टवेअरमधून बंद होत नाही, कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या अकाउंटमध्ये लॉगिन करून करावं लागतं, तेही घेतल्या घेतल्याच करून टाका, मुदतीची वाट बघू नका, कारण पैसे बऱ्याचदा मुदत संपायच्या आधीच कापले जातात. बंद केल्यावर कन्फर्मेशनचा ईमेल येतो तो जपून ठेवा.

घेऊ का नको म्हणून विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं की घरात एकच विंडोज लॅपटॉप असेल, ब्राउझिंग, बँक, फोटो एवढंच काम असेल तर पैसे भरायची गरज मला वाटत नाही, डिफेंडर, वेळच्या वेळी विंडोज अपडेट आणि महत्त्वाच्या फायलींचा एक बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर, बास. बरीच डिव्हाइस असतील, मुलांसाठी कंट्रोल हवा असेल, फोन-टॅब सगळं एकाच ठिकाणी बघायचं असेल तर पेड घ्यायला हरकत नाही, पण ते फीचर बघून घ्या, लाल डबा बघून नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर व्हायरस पकडण्याला साडेचार, वेगाला चार, पॉपअपच्या भाषेला एक, आणि तो एकही तारीख बरोबर दाखवतात म्हणून.

मी रिन्यू केला नाही. आत्याच्या लॅपटॉपवरूनही काढला. काढायचा असेल तर कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल करा, अडलं तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर रिमूव्हल टूल असतं ते उतरवून घ्या, दुसऱ्या कुठल्या साइटवरून नको. मधे एकदा "तुम्ही खरंच असुरक्षित राहणार का" वाला पॉपअप येईल, त्यात अनइन्स्टॉलचं बटण फिकट असतं, तेच दाबा. रीस्टार्ट करा, मग विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू आहे ना आणि याद्यांची तारीख आजची आहे ना ते बघा, नसेल तर तिथेच चेक फॉर अपडेट्स दाबा.